कॉफीच्या बियांवरील बुळबुळीत थर काढणारी विकरे व त्यांपासून आपण घ्यावयाचा बोध

वर्धा जिल्ह्यात कॉफीची लागवड होत नाही. येथील काळी जमीन, सपाट प्रदेश आणि उन्हाळ्यातील प्रखर उष्मा ही या पिकास मानवणारी नाहीत. असे असता या पत्रिकेत कॉफीचा विषय कशासाठी घेतला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील चिखलदऱ्याच्या पठारावर कॉफीची झाडे आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंची, थंड हवा आणि मोठ्या झाडांची सावली यांमुळे विदर्भात असूनही तेथे हे झाड तग धरून राहिले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कॉफीचे फळ सोलल्यावर बियांवर जो बुळबुळीत थर राहतो तो काढण्याच्या कामाचा जगभर बारकाईने अभ्यास झालेला आहे. आणि नेमके हेच काम आपण टोमॅटोचे बी धरताना व अंबाडीचा वाख काढताना करीत असतो. मात्र ते बहुधा अंदाजाने करतो, व त्यात बियाण्याची उगवण आणि वाखाची बळकटी गमावून बसतो. प्रस्तुत लेखात प्रथम कॉफीची रीत समजून घेऊन नंतर तिचा आपल्या पिकांशी असलेला संबंध पाहावयाचा आहे.

कॉफीच्या फळाची रचना

कॉफीचे पिकलेले फळ लाल रंगाचे, साधारण बोराएवढे असते. बाहेरून आत जाताना प्रथम साल, मग थोडासा गोड गर, त्यानंतर बियांना घट्ट चिकटलेला पारदर्शक बुळबुळीत थर, त्याच्या आत कागदासारखे कडक टरफल, त्याखाली चंदेरी पापुद्रा आणि शेवटी एकमेकींकडे सपाट बाजू केलेल्या दोन बिया, असा क्रम असतो. आपण दळून पितो ती कॉफी म्हणजे या बिया. अरबी जातीची सुमारे ५ ते ६ किलो पिकलेली फळे घेतली म्हणजे तीपासून साधारण एक किलो स्वच्छ बी हाती येते.

ही फळे तयार करण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत फळे जशीच्या तशी उन्हात वाळवून नंतर कांडून बी वेगळे करतात. दुसऱ्या, म्हणजे ओल्या रीतीत, फळे यंत्रात घालून साल काढतात, बुळबुळीत थर घालवून बी धुतात व मग वाळवितात. दुसऱ्या रीतीने केलेल्या कॉफीस भाव अधिक मिळतो, परंतु श्रम व दक्षताही अधिक लागते. कर्नाटकातील चिकमगळूर व कोडगू या भागांत ती फार पूर्वीपासून रूढ आहे. चिकमगळूर जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथे १९२५ साली स्थापन झालेले कॉफी संशोधन केंद्र आजही या पिकाच्या संशोधनाचे प्रमुख ठिकाण आहे.

हा थर पाण्याने का निघत नाही?

साल काढलेले बी कितीही पाण्याने धुतले तरी त्यावरील बुळबुळीत थर जात नाही. त्याचे कारण त्याच्या घटनेत आहे. या थरात बहुतांश पाणी असते. परंतु ते पाणी पेक्टिन नावाच्या पदार्थाच्या जाळ्यात अडकून राहिलेले असते. पेक्टिन आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. पेरूचा रस साखर घालून आटविला म्हणजे जी जेली थरथरत उभी राहते, ती पेक्टिनमुळेच. वनस्पतींच्या पेशी एकमेकींस जोडणारा सिमेंटसारखा पदार्थ म्हणजे पेक्टिन होय. त्याच्या लांब साखळ्या चुन्याच्या अंशाने एकमेकींत गुंतलेल्या असतात, व ही गुंतवळ असेपर्यंत थर पाण्यात विरघळत नाही.

तो तसाच ठेवून बी वाळविले तर काय होते? थरातील साखरेवर बुरशी धरते, बिया एकमेकींस चिकटून गोळे होतात, वाळवण लांबते आणि कॉफीस कुबट वास येतो. म्हणून धुण्यापूर्वी पेक्टिनच्या साखळ्या तोडणे अवश्य ठरते.

विकर म्हणजे काय?

साखळ्या तोडण्याचे हे काम विकरे करतात. विकर, ज्यास एन्झाइम असेही म्हणतात, ते स्वतः सजीव नसते. सजीव पेशींनी तयार केलेले ते एक प्रथिन असते, व त्याच्या साहाय्याने एखादी रासायनिक क्रिया पुष्कळ वेगाने घडून येते. मोड आलेल्या ज्वारीचे पीठ घट्ट, कोमट पेजेत कालविले तर पेज थोड्याच वेळात पातळ होते. तेथे मोडातील विकर पिष्ठाच्या साखळ्या तोडीत असते. कच्ची पपई कठीण व पिकलेली मऊ का, याचेही उत्तर तेच आहे. फळ पिकताना त्याच्यातील विकरे पेक्टिनचे बंध सैल करीत जातात.

पेक्टिनवर काम करणाऱ्या विकरांचे मुख्यतः दोन गट सांगता येतील. एका गटातील विकरे साखळीवरील लहान कड्या काढून तिला उघडी करतात; दुसऱ्या गटातील विकरे ती साखळीच मधोमध तोडतात. दोहोंचे काम मिळून पूर्ण झाले म्हणजे बुळबुळीत थराचे पाण्यात विरघळणाऱ्या द्रवात रूपांतर होते.

जंतू आणि विकर यांतील भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. जंतू हा मजूर आणि विकर हा त्याच्या हातातील विळा, असे समजावे. मजूर आपल्या पोटासाठी काम करतो, आणि नेमून दिलेला तुकडा कापून झाला म्हणून तो हातावर हात ठेवून बसत नाही. पुढे काय घडते ते या भेदावरूनच कळते.

आंबवून थर काढण्याची रीत

१. केवळ पूर्ण पिकलेली लाल फळे तोडावीत. कच्च्या फळांची साल यंत्रात नीट निघत नाही, व त्यांचा थरही नीट सुटत नाही.

२. फळे पाण्यात टाकून तरंगणारी, पोकळ व किडलेली वेगळी करावीत.

३. तोडणीच्या दिवशीच साल काढावी. ढीग करून रात्रभर ठेवलेली फळे आतल्या आत तापतात व आंबू लागतात.

४. साल काढलेले बी स्वच्छ हौदात भरून ठेवतात. फळाची स्वतःची विकरे, हवेतून व सालीवरून आलेले जंतू आणि त्यांनी तयार केलेले आम्ल, या तिघांच्या कामाने थर सुटू लागतो. प्रारंभी साडेपाच ते सहाच्या दरम्यान असणारा सामू उतरत उतरत चारच्या आसपास येतो. अरबी जातीस यासाठी सर्वसाधारणपणे २४ ते ३६ तास लागतात. थंड हवेत अधिक, उष्ण हवेत कमी.

५. थर सुटताच बी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावे व पातळ पसरून वाळवावे. टरफलासह बियांतील ओल सुमारे १० टक्क्यांवर आली म्हणजे वाळवण पुरे झाले.

या पाच पायऱ्यांत चौथी नाजूक आहे. घरातील विरजणाची गोष्ट आठवावी. उन्हाळ्यात दही लवकर लागते, हिवाळ्यात उशिरा. आणि लागलेले दही तसेच ठेवले तर ते आंबट होऊन शेवटी खाण्याजोगे राहत नाही. हौदाचेही असेच आहे. थर संपल्यावर जंतू थांबत नाहीत. ते पुढे आम्ले व दुर्गंधी द्रव्ये तयार करू लागतात, आणि ती बियांत शिरतात. अशी कॉफी भाजली म्हणजे शिरक्यासारखा किंवा कुजका वास येतो. अशा थोड्या बियाही चांगल्या गोणीत मिसळल्या तर साऱ्या मालाची प्रत उतरते.

म्हणून जाणते बागाईतदार घड्याळावर विसंबत नाहीत, हातावर विसंबतात. हौदातील मूठभर बी पाण्यात धुऊन मुठीत दाबून पाहतात. ते निसटत असेल तर थर शिल्लक आहे. वाळूतील खड्यांप्रमाणे खरखरीत लागून आवाज करू लागले तर काम पूर्ण झाले. दुसरी खूण अशी की, हौदातील बियांच्या राशीत काठी खुपसून काढली असता तिचे भोक तसेच उभे राहते. थर शिल्लक असेतो ते लगेच बुजून जाते.

तयार विकरांचा उपयोग

पेक्टिन तोडणारी विकरे कारखान्यांत मुख्यत्वे काळ्या बुरशीच्या एका जातीपासून तयार करतात. फळांचे रस गाळून नितळ करण्यासाठी त्यांचा खप मोठा आहे. हीच विकरे पाण्यात मिसळून कॉफीच्या हौदात घातली असता थर थोड्या तासांत सुटतो. ती आम्ल माध्यमात, सामू साडेतीन ते पाच असताना, आणि ४० ते ५० अंश सेल्सिअस उष्णतेत उत्तम काम करतात. थंड पाण्यात त्यांचा वेग मंदावतो व फार तापविल्यास ती निकामी होतात.

यांचा लाभ काय, हे मजूर आणि विळ्याच्या दृष्टांतावरून स्पष्ट होईल. तयार विकर घेणे म्हणजे केवळ विळा घेणे होय. तो पेक्टिन कापतो, दुसऱ्या कशास हात लावीत नाही. वेळ वाचल्याने जंतूंस वाढण्यास अवसर मिळत नाही आणि मालाची प्रत एकसारखी राहते. रात्री कडाक्याची थंडी पडून हौदाचे काम तीन-तीन दिवस रेंगाळते, अथवा तोडणीच्या ऐन दिवसांत हौद अपुरे पडतात, अशा ठिकाणी हा लाभ मोठा आहे. उलटपक्षी विकरास पैसे पडतात, ते थंड जागी साठवावे लागते, आणि आंबविण्याचे काम निसर्ग फुकट करीत असल्याने लहान बागाईतदारास हा खर्च बहुधा परवडत नाही. दाहक सोड्याच्या द्रावणाने किंवा घासणाऱ्या यंत्रानेही थर काढता येतो. कोणत्याही रीतीने काढला तरी धुण्याचे पाणी ओढ्यात सोडणे योग्य नव्हे. त्यातील साखर व पेक्टिन कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

आता हाच विचार आपल्या जिल्ह्यातील दोन कामांना लावून पाहू.

टोमॅटोचे बी धरणे

टोमॅटोच्या प्रत्येक बीभोवती बुळबुळीत वेष्टन असते. त्यातही पेक्टिन असते, शिवाय फळात असताना बी उगवू नये यासाठी निसर्गाने ठेवलेली उगवण रोखणारी द्रव्ये असतात. पुष्कळ घरी गर राखेत किंवा कागदावर फासून वाळविण्याची चाल आहे. त्यात वेष्टन बीवरच वाळते, बियांचे गोळे होतात व उगवण रेंगाळते. त्याऐवजी पुढील रीत अवलंबावी.

बी सरळ जातीचेच धरावे; पुसा रुबी, धनश्री, भाग्यश्री या सरळ जाती आहेत. संकरित जातीच्या फळांतील बी लावल्यास पुढील पीक एकसारखे येत नाही. रोगमुक्त, जोमदार झाडे आधीच खूण करून ठेवावीत व त्यांवरची पूर्ण पिकलेली फळे घ्यावीत. फळे आडवी कापून बियांसह गर मातीच्या, काचेच्या अथवा प्लॅस्टिकच्या भांड्यात पिळावा. तांब्या-लोखंडाचे भांडे वापरू नये. त्यात पाणी घालू नये. पाण्याने आंबण्याचे काम मंदावते व बियांना भांड्यातच मोड येण्याचा संभव वाढतो. भांडे दोन-तृतीयांश भरून, फडके बांधून सावलीत ठेवावे व दिवसातून दोन-तीनदा ढवळावे.

पुढे काम पूर्ण झाल्याची परीक्षा कॉफीप्रमाणेच बोटांनी करावयाची. चिमूटभर बी पाण्यात धुऊन बोटांत चोळावे. निसटेनासे होऊन त्याचा केसाळ खरखरीतपणा बोटास लागला की त्याच घटकेस धुण्यास घ्यावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडील उष्ण दिवसांत २४ ते ३६ तास पुरेसे होतात. डिसेंबरच्या थंडीत दोन ते तीन दिवस लागू शकतात. भांड्यात भरपूर पाणी ओतावे. जड बी तळाशी बसते; वर येणारा गर व पोचट बी ओतून द्यावे. पाणी नितळ येईपर्यंत असे करावे. नंतर बी चाळणीवर किंवा फडक्यावर पातळ पसरून, वारंवार हलवीत, प्रथम सावलीत व नंतर सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळवावे. दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर बी कधीही घालू नये. ओल ८ टक्क्यांहून अधिक राहू देऊ नये. बी पूर्ण वाळल्यावर हवाबंद डब्यात भरून जातीचे नाव व वर्ष लिहून ठेवावे.

आंबविण्याचा एक अधिक लाभ असा की, बियांबरोबर पसरणारे काही जिवाणूजन्य रोग त्यामुळे काही अंशी कमी होतात. परंतु ठरल्या वेळेहून अधिक ठेवलेले बी काळपट पडते व त्याची उगवणशक्ती घटते. बी उत्पादनाच्या मोठ्या कामात एक किलो गरास सुमारे २५ ते ३० मिलिलिटर बाजारी हायड्रोक्लोरिक आम्ल घालून २० ते ३० मिनिटांत वेष्टन काढतात. हे आम्ल त्वचा व डोळे भाजणारे असल्याने हातमोजे व चष्मा वापरून जाणकाराच्या देखरेखीखालीच हाताळावे. घरच्या पाव किलो गरासाठी त्याची गरज नाही, विकत घेतलेल्या विकराचीही नाही.

अंबाडीचा वाख

कपाशी किंवा तुरीच्या कडेने दोन तासे अंबाडी लावण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते आणि सालीपासून दावी व दोर वळतात. सालीतील तंतू एकमेकांस व काडीस पेक्टिननेच चिकटलेले असतात. पेंढ्या पाण्यात बुडवून ठेवल्या म्हणजे जंतूंची विकरे ते पेक्टिन तोडतात व वाख सुटतो. येथेही वेळेचाच प्रश्न आहे. लवकर काढल्यास सालीचे तुकडे वाखास चिकटून राहतात; उशीर झाल्यास जंतू तंतूंवरच हल्ला करतात व दोर ताण पडताच तुटतो.

निम्मी झाडे फुलावर आली की कापणी करावी, पाने गळू द्यावीत व पेंढ्या स्वच्छ, मंद वाहत्या पाण्यात बुडवाव्यात. वर चिखल किंवा केळीचे खुंट ठेवू नयेत. त्यांनी वाख काळा पडतो. त्याऐवजी दगड भरलेल्या पोत्यांचे वजन ठेवावे. आठ-दहा दिवसांनंतर दररोज एका काडीच्या बुडख्याकडील साल अंगठ्याने सरकवून पाहावी. ती सहज सुटून काडी पांढरी स्वच्छ दिसली तर विलंब न लावता सोलण्यास घ्यावे. पश्चिम बंगालमधील बराकपूर येथील ताग संशोधन संस्थेने पेक्टिन तोडणाऱ्या निवडक जिवाणूंची ‘क्रायजाफ सोना’ नावाची भुकटी तयार केली आहे. ताग व अंबाडी भिजविताना ती वापरल्यास अवधी कमी होतो व वाखाची प्रत सुधारते. मजूर निवडून कामास लावण्याचाच हा प्रकार होय. ज्या तळ्याचे पाणी माणसे अथवा गुरे पितात तेथे मात्र अंबाडी भिजत घालू नये.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय भाषणाने सांगण्यापेक्षा करून दाखवावा. एकाच जातीच्या पिकलेल्या टोमॅटोचा गर घेऊन त्याचे चार सारखे भाग करावेत. पहिल्या भागातील बी न आंबविता तसेच पसरून वाळवावे. उरलेले तीन भाग तीन मडक्यांत ठेवून दुसरा २४ तासांनी, तिसरा ४८ तासांनी व चौथा तब्बल ९६ तासांनी धुवावा. चारही भागांचे बी सारख्याच रीतीने वाळवून प्रत्येकातील १०० बिया ओल्या गोणपाटात मांडाव्यात, व गोणपाट सदैव ओलसर राहील अशी काळजी घ्यावी. पाचव्या व चौदाव्या दिवशी उगवलेले बी मोजावे. प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवण आवश्यक मानलेली आहे. आपल्या चार भागांपैकी कोणता या मापास उतरतो हे सर्वांसमक्ष पाहावे. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. ज्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या बोटांनी त्या मडक्यांतील बी चाचपून पाहिले असेल, त्यांस पुढे निराळे सांगावे लागणार नाही.

समारोप

कॉफीचा हौद, टोमॅटोचे मडके आणि अंबाडीचे तळे यांत चालणारे काम एकच आहे: पेक्टिन तोडणे. विकरे ते काम विकत घेतली तरी करतात आणि निसर्गाकडून मिळाली तरी करतात. विकत घेतल्याने वेळ वाचतो व प्रत एकसारखी राहते. मोठ्या कामात त्याची किंमत भरून निघते, लहान कामात नाही. परंतु काम केव्हा पूर्ण झाले हे ओळखून त्याच घटकेस थांबविणे, हे मात्र कोणतेही विकर आपणासाठी करीत नाही. त्यास हाताची परीक्षा व वेळेवरची उपस्थितीच लागते. ती ज्याने साधली त्याने आपले बी राखले, आणि ज्याने आज-उद्या करीत भांडे तसेच ठेवले त्यास ते पुढील हंगामात वाफ्यातील रिकाम्या जागांवरून कळेल. या हंगामात टोमॅटोचे बी धरणाऱ्या प्रत्येक घरी बोटांची ही परीक्षा सुरू व्हावी, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.